सौनात असतो तेवढा आवाज

हौकिला,
एप्रिल (बर्फ आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही)

ती. सायमीवन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा, आउनेचा, वाकून नमस्कार. (कंबर जेवढी परवानगी देते तेवढंच वाकले आहे, उरलेला नमस्कार मनातल्या मनात पुरा करून घ्यावा.) इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. तुमची तब्येत कशी आहे, गुडघे काय म्हणतात, नवीन डॉक्टर जुन्यापेक्षा बरा आहे का, हे सगळं मी मागच्या तीनही पत्रांत विचारलं होतं, ते याही पत्रात विचारलं असं धरावं. ओउलूला अजून कडाक्याची थंडी असणार, तेव्हा लोकरी मोजे काढून ठेवायची घाई करू नये. तुमचं नाताळातलं पत्र पोचलं. 'बरी आहे. बर्फ पडला.' ही दोन्ही वाक्यं मी तुमच्या भावाला मोठ्यानं वाचून दाखवली. ओइवांनी ती शांतपणे ऐकली, खिडकीबाहेर पाहिलं, कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाले, 'सायमी फार लिहायला लागली.' दुपारपर्यंत मग ते त्याच विचारात होते.

वन्सं, राग मानू नये, पण मी पडले साव्हो प्रांताची. आमच्याकडे पाहुणा दाराशी बूट काढत असतो तोवर आम्ही त्याला अर्ध्या गावाची खबर देऊन टाकतो. तुम्हा हॅमेच्या माणसांचं तंत्रच वेगळं. लग्न करून इथं आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी ओइवांना विचारलं होतं की सूप आवडलं का, आणि उत्तर न मिळाल्यामुळे रडत बसले होते. तुमच्या आईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याही काही बोलल्या नाहीत. पुढं सवय झाली. माणूस आडमुठा नाही, कंजूष नाही, कधी आवाज चढवणार नाही. फक्त बोलणार नाही. तर अशा या माणसाच्या बोलण्यावर आमच्या सबंध गावाची मदार यावी, आणि त्यातून जे घडलं ते घडावं, हे मी कुणाला सांगायचं? इथं सगळ्यांना माहीतच आहे. म्हणून तुम्हाला लिहिते.

आपला किनाऱ्यावरचा सौना तुम्हाला आठवत असेलच. तुमच्या वडलांच्या पिढीनं श्रमदानानं बांधलेला, तळ्याकडे तोंड करून उभा असलेला, एका बाजूला जरासा कललेला (तो बांधला तेव्हापासूनच कललेला आहे, तेव्हाही कुणी काही बोललं नाही). लाकडं आपली, बादल्या आपल्या, पण जमीन पालिकेची. यंदा पालिकेनं ठरवलं की असे छोटे छोटे किनारे विकून टाकावेत. घेणारे तयारच आहेत. शहरातली माणसं, त्यांना तिथं उन्हाळी घर बांधायचंय, मोठमोठ्या काचांचं. विकण्याआधी प्रत्येक गावाचं म्हणणं ऐकून घेऊ, असं पालिकेनं कळवलं. मात्र पालिका आता आपल्या जवळच्या गावात राहिलेली नाही, चार पालिकांची एक झाल्यापासून ती लांब शहरात बसते, आणि या दिवसांत आपल्या रस्त्यांचा नुसता चिखल असतो. म्हणून सभा संगणकावर. गावातून एकच माणूस बोलणार, आणि आवाज घुमू नये म्हणून त्यानं पालिकेनं पाठवलेला हेडसेट लावूनच बोलायचं.

आता मी तुम्हाला खरं काय ते सांगते. गावासाठी तो सौना म्हणजे शनिवारची वाफेची अंघोळ आणि जरा बसणं. ओइवांसाठी तो सबंध आठवडा आहे. जंगलातलं काम सुटल्यापासून हा माणूस सोमवारी बर्चची लाकडं फोडतो, मग ती वाळवतो, मग रचतो, शुक्रवारी पाणी भरतो आणि शनिवारी सकाळपासून भट्टी पेटवून तिच्यासमोर बसतो. कुणी सांगितलेलं नाही, कुणी मोबदला देत नाही. तो किनारा विकला गेला असता तर ओइवा तक्रार करणार नव्हते. ते खिडकीत बसून राहिले असते, आणि त्यांचे ते दोन हात मांडीवर पडलेले मला रोज बघावे लागले असते. मला त्याचीच धास्ती होती. बाकी लोकशाही, इतिहास, गावाची ओळख वगैरे सगळं ठीक आहे.

माणूस निवडायला गावची बैठक झाली. वेलदोडा घातलेले गोड पाव आणि कॉफी झाल्यावर सगळे बराच वेळ आपापल्या कपात बघत बसले. मी हात वर केला. कुणाचं लक्ष गेलं नाही. मी दुसराही हात वर केला. तेव्हा आमच्या समितीच्या अध्यक्षा लेम्पी (शाळेत कवायत शिकवायच्या त्या, अजूनही शिट्टी गळ्यात घालूनच फिरतात की काय अशी शंका येते) म्हणाल्या, 'आउने, तू बोललीस तर ते सौना उद्याच विकतील, आणि वर तुला कुंपण घालतील.' आणि मग त्यांनी ओइवांकडे बोट दाखवलं. भट्टी कोण पेटवतं, तर ओइवा. मग बोलणार कोण, तर ओइवा. या युक्तिवादात काहीतरी चुकतंय असं मला एकटीलाच वाटलं. ओइवांनी श्वास आत ओढला. हॅमेमध्ये त्याचा अर्थ 'हो' असाच होतो, त्यामुळे ठराव एकमतानं पास झाला.

हेडसेट पोस्टानं आला. चांगला भक्कम, कान पुरते झाकले जातील अशा गुबगुबीत वाट्यांचा. ओइवांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला, कारण ही वस्तू त्यांच्या पूर्ण ओळखीची होती. जन्मभर करवतीचा आवाज कानांत जाऊ नये म्हणून ते असल्याच वाट्या लावत आले आहेत. पहिल्या तालमीला लेम्पी त्यांच्या घरी संगणकासमोर बसल्या, आम्ही आमच्या स्वयंपाकघरात. ओइवांनी वाट्या कानांवर चढवल्या, टोपी नीट केली आणि स्क्रीनकडे बघून उजवा हात हळूहळू वर नेला. मग तो आडवा केला. मग दोन बोटांनी डावीकडे खूण केली. वन्सं, तुम्ही जंगलातल्या घरात वाढलात म्हणून तुम्हाला लगेच कळेल, मला कळायला वेळ लागला. कानांवर वाट्या असल्या की तोंडानं बोलायचं नसतं, हातांनी सांगायचं असतं. तिकडे लेम्पी काय कमी? त्यांचे वडीलही लाकूडतोडेच. त्यांना खूण बरोबर समजली, की झाड डावीकडे पडणार आहे, आणि त्या मुकाट्यानं खुर्ची उचलून उजवीकडे सरकल्या.

मी ओइवांची एक वाटी उचलून कानात सांगितलं, 'अहो, तोंडानं बोलायचंय.' ते बोलले. मी तो दिवस विसरणार नाही. जाड वाट्यांमुळे त्यांना स्वतःचा आवाज ऐकूच येत नव्हता, आणि ऐकू येत नाही म्हणजे करवत चालू आहे, आणि करवत चालू असेल तर ओरडायला हवं, हा हिशेब त्यांच्या अंगातच मुरलेला. 'नमस्कार,' एवढंच ते म्हणाले. फडताळातली भांडी थरथरली. तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलेला एक मनुष्य होता, त्यानं स्टूल उचललं आणि मागं न बघता किनारा गाठला. पुढं तो दुकानात सांगत होता, की बर्फ फुटल्याचा आवाज आपण स्वतः ऐकला, आता कुणी तळ्यावर जाऊ नका. लेम्पींनी तिकडून फोनवर लिहून पाठवलं, 'ऐकू आलं. झाड पडलं म्हणून मी संगणक बंद केला होता.'

(इथं मी तुम्हाला सांगायला हवं, की या सगळ्यात ओइवांचा चेहरा मात्र जराही बदलला नाही. ते सभ्यपणे उत्तराची वाट बघत बसले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजूनही या माणसाचं मला कौतुक वाटतं ते असं अवेळी वाटतं.)

मग मी कामाला लागले. संगणकात शोधता शोधता एका कोपऱ्यात मला एक पट्टी सापडली. ती सरकवली की बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज स्वतःच्याच कानात ऐकू येतो, डावीकडे नेली की कमी, उजवीकडे नेली की जास्त. ती अगदी डावीकडे, म्हणजे शून्यावर होती. माझा साव्होचा स्वभाव, अर्धवट काही करवत नाही. मी ती पार उजवीकडे नेऊन ठेवली आणि ओइवांना म्हटलं, बोला आता. त्यांनी तोंड उघडलं, एक अक्षर उच्चारलं आणि ते गप्प झाले. मग त्यांनी हेडसेट काढला आणि मागं वळून पाहिलं. पुन्हा लावला. पुन्हा काढला. म्हणाले, 'आत कुणीतरी आहे.' मी म्हटलं, 'तुम्हीच आहात.' त्यांनी वाटीत डोकावून पाहिलं. 'मी असा आहे होय,' ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, शेजाऱ्याच्या घरी न सांगता शिरलेल्या माणसाचा असतो तसा संकोच पसरला.

त्यानंतर ओरडणं गेलं ते गेलंच, पण आता ते कुजबुजायला लागले. आपला एवढा मोठा आवाज आपल्याच कानात ऐकायचा म्हणजे आगाऊपणा झाला, असं त्यांना वाटे. ओठ हलताना दिसत, बाकी काही नाही. लेम्पींना मी फोनवरून सांगून त्यांच्याकडच्या हेडसेटची पट्टीही पार उजवीकडे न्यायला लावली, म्हटलं दोन्हीकडे सारखं असलेलं बरं. इथं माझं चुकलं. साव्होच्या माणसाकडून ही चूक सहज होते, कारण असली अडचण येऊ शकते हे आमच्या स्वप्नातही येणार नाही. झालं असं, की पट्टी पुरी उजवीकडे असली की आवाजाबरोबर श्वासही ऐकू येतो. ओइवांना कानात श्वास ऐकू आला. त्यांना वाटलं, लेम्पी काहीतरी बोलायच्या बेतात आहेत. बोलू पाहणाऱ्याच्या मध्ये तोंड घालणं हे आपल्याकडे किती वाईट समजतात ते मी तुम्हाला काय सांगू? ते थांबले. तिकडे लेम्पींनाही कानात श्वास ऐकू आला. त्यांना वाटलं, ओइवा बोलणार. त्याही थांबल्या. दोघंही आपापलाच श्वास ऐकत होते आणि दोघंही दुसऱ्याला मान देत होते. मी शेजारी बसून मोज्याची टाच विणायला घेतली. टाच संपली. मी पुढचा पंजा विणायला घेतला. मध्येच ओइवांनी समजूतदारपणे मान हलवली, तर तिकडे लेम्पींनीही हलवली. शेवटी दोघांनी एकमेकांचा निरोप घेतला. मी विचारलं, 'काय बोलणं झालं?' ओइवा म्हणाले, 'चांगलं झालं.' आणि लेम्पींनी दुसऱ्या दिवशी मला दुकानात बाजूला घेऊन सांगितलं, की ओइवासारखा मन मोकळं करू देणारा माणूस त्यांना आजवर भेटलेला नाही.

वन्सं, मी हात टेकले होते. सभा जवळ आलेली, आणि आमचा वक्ता एक तर तळ्यावरची माणसं पळवून लावणार नाहीतर पालिकेपुढे सभ्यपणे श्वास घेत बसणार. पट्टी मध्यावर आणून पाहिली, मध्याच्या अलीकडे, पलीकडे. प्रत्येक वेळी मी विचारायची, बरोबर आहे का? ते म्हणायचे, माहीत नाही. बरोबरच होतं त्यांचं. आपला आवाज केवढा असावा, हे आयुष्यात ज्यानं ठरवलंच नाही, त्याला बरोबर कुठलं ते कसं कळणार? मी चिडून पट्टी सोडून दिली आणि बटाटे सोलायला बसले. आणि तेव्हा, मी काही विचारलेलं नसताना, ते म्हणाले, 'सौनात असतो तेवढा पाहिजे.'

मी सोलणं थांबवलं. सौनात आपण केवढ्यानं बोलतो हो? ओरडत नाही, कारण तिथं ओरडलेलं शोभत नाही, देवळातल्यासारखंच आहे ते. कुजबुजतही नाही, कारण लपवायला अंगावर कपडासुद्धा नसतो. दगडांवर पाणी सोडलं, वाफ वर चढली, की जरा वेळानं कुणीतरी एखादं वाक्य बोलतं, आणि लाकडी भिंती ते हळूच परत आणून देतात. तिथं ओइवा बोलतात. फार नाही, पण बोलतात. मीच ते कधी लक्षात घेतलं नव्हतं, कारण तिथं मीही बोलत असते.

मग काय, आम्ही चक्क गुरुवारी सौना तापवला. (गावात कुजबुज झाली. पूर्वी मयताला अंघोळ सौनातच घालत, म्हणून दोन घरांतून विचारणा आली, की कोण वारलं.) आम्ही दोघं वरच्या फळीवर बसलो, ओइवांनी पाणी सोडलं आणि म्हणाले, 'यंदा बर्च चांगला जळतोय.' मग ते वाक्य कानात तसंच धरून, पंचा गुंडाळून, बूट अडकवून ते घराकडे चालू लागले. रस्त्यात भेटलेल्या कुणाशीही बोलायचं नाही, अशी मी ताकीद दिली होती (ती किती अनावश्यक आहे हे मला नंतर सुचलं). घरात शिरून तसेच ते संगणकासमोर बसले, हेडसेट लावला, म्हणाले, 'यंदा बर्च चांगला जळतोय,' आणि मी पट्टी केसभर सरकवली. नाही, म्हणाले, अजून भिंती लांब आहेत. आणखी केसभर. मग पुन्हा सौनात, पुन्हा फळीवर, पुन्हा बर्च, पुन्हा घरी. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यांनी वाक्य उच्चारलं, जरा ऐकलं आणि श्वास आत ओढला.

नेमकं तेव्हा स्क्रीनवर एक मनुष्य उगवला. पालिकेतले कारकून, यालमारी नावाचे, सभेआधी सगळ्या गावांची जोडणी तपासत होते. टाय लावलेले, केस विंचरलेले. इकडे ओइवा, लालबुंद, अंगातून वाफा निघताहेत, कमरेला पंचा आणि कानांवर हेडसेट. मला वाटलं झालं, आता सौना गेला. यालमारींनी नीट पाहिलं. विचारलं, 'वाफ कशी होती?' ओइवा म्हणाले, 'बरी होती.' यालमारी म्हणाले, 'आवाज स्पष्ट येतोय, काही बदलू नका,' आणि निघून गेले. मी त्या पट्टीवर चिकटपट्टीचा तुकडा लावायला धावले, मग आठवलं की ती पट्टी काचेच्या आत आहे.

सभेच्या दिवशी मी ओइवांना इस्त्रीचा सदरा घातला आणि स्वतः टेबलाच्या टोकाला, स्क्रीनवर दिसणार नाही अशी बसले. लेम्पी माझ्या शेजारी. आमच्या आधी बोललेल्या गावांनी आकडे दिले, नकाशे दाखवले, एकानं तर कविता म्हटली. मग पालिकेच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, 'हौकिला.' ओइवांनी कुठलाही श्वास ऐकला नाही, कुणासाठी थांबले नाहीत. ते बोलले. आणि वन्सं, काय बोलले हो. आवाज असा की त्यांच्या आणि ऐकणाऱ्याच्या मध्ये जणू फळीभरच अंतर आहे.

ते म्हणाले, की शनिवारी धूर दिसला की माणसं येतात, कुणाला बोलवावं लागत नाही. म्हणाले, की अमुक एका माणसाच्या घरी विजेवरचा सौना आहे, पण बायको गेल्यापासून तो इथं येतो, कारण घरच्या फळीवर शेजारी कुणी नसतं. दोन शेजारी आहेत, त्यांचा कुंपणावरून वर्षानुवर्षं वाद चाललाय, पण तिथं एकमेकांच्या हातात पाण्याचा डाव देतात. आपल्या थोरल्या बहिणीला जन्मल्यावर पहिली अंघोळ तिथंच घातली होती, असंही म्हणाले. (तुमचं नाव घेतलं नाही, काळजी नसावी.) वेळ कधीच संपून गेली होती. अध्यक्षबाईही हॅमेच्याच, त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. आणि शेवटी ओइवा म्हणाले, 'किनारा विकलात तरी मी लाकडं फोडीन. ती सवय आता जायची नाही. पण ती कुठं न्यायची, तेवढं सांगून ठेवा.'

 स्क्रीनवरची सगळी तोंडं मिटलेली. लेम्पी माझं मनगट इतकं घट्ट धरून होत्या की अजून वळ आहे. मी रडत होते, उघडपणे, आणि मला काही म्हणजे काही बोलायला सुचत नव्हतं, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं. मग अध्यक्षबाईंनी श्वास आत ओढला. तो एवढ्या मोठ्यानं ऐकू आला की त्यांचीही पट्टी उजवीकडे असावी.

कॉफीनंतर मतं पडली. आपला किनारा विक्रीतून वगळला. माझा जीव भांड्यात पडला. लेम्पींनी उठून ओइवांशी हस्तांदोलन केलं, जे त्यांनी स्वतःच्या नवऱ्याशीसुद्धा फक्त लग्नात केलं असेल. आणि ओइवा? ते तसेच बसून होते, हेडसेट कानांवर, समोर स्क्रीन बंद झालेला. म्हणाले, 'अजून बोलू का?' मी म्हटलं, 'बोला की.' वन्सं, तुमच्या भावाचं मला जे वाटतं ते मी तोंडानं कधी नीट सांगू शकले नाही, कारण मी एवढं बोलते की त्यात ते सापडतच नाही. पण त्या दिवशी मला या माणसाचा अभिमान वाटला, आणि हे मी तुम्हाला लेखी देते.

असो. मोजे पाठवते आहे, ते वर सांगितलेले. एक दुसऱ्यापेक्षा लांब आहे, त्याला लेम्पी जबाबदार. ओउलूमधल्या सगळ्यांना आमची आठवण सांगावी, म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी बोलत असाल त्या दोघांना. लोभ आहेच, तो तसाच राहू द्यावा.

तुमची भावजय,
आउने

ता.क. पत्र बंद करण्याआधी मुद्द्याचं लिहायचं राहिलं. मी तुमच्याकडे पंधरा दिवस राहायला येऊ का? कारण असं, की सभा होऊन गेली तरी ओइवा हेडसेट काढत नाहीत. सकाळी संगणक चालू करतात, पलीकडे कुणी नसतं, पट्टी जागेवर असते, आणि स्वतःचा आवाज ऐकत बोलत बसतात. त्यांना तो आवडला आहे. तेही एक वेळ चाललं असतं, पण ते मला उत्तरं देताहेत. मी आजवर विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची, ओळीनं, लग्नापासून. परवा नाश्त्याला म्हणाले, 'आवडलं. मीठ जरा कमी होतं.' ते सूप होतं, पहिल्या आठवड्यातलं. काल म्हणाले, 'निळेच पडदे घे,' तर ते पडदे घेऊन, वापरून, फाटून, त्यांची फडकीसुद्धा होऊन गेली. मला तोंड उघडायला जागा मिळत नाही. डोकं भणाणून गेलंय. तुम्ही एकाच रक्ताच्या आहात, पण तुमच्याकडे हेडसेट नाही. मी कोपऱ्यात बसून राहीन, आणि काही विचारणार नाही. कृपा करून 'ये' असं एका अक्षरात कळवावं. तुम्हाला ते जमेल.

ता.क. २. पत्र अजून टाकलेलं नाही, पोस्टाची गाडी चिखलात अडकली आहे. बरंच झालं. ओइवा माझी आई आजारी होती त्या वर्षापर्यंत आले आहेत. त्या वर्षी सबंध हिवाळाभर मी साव्होत आईजवळ होते, तुम्हाला आठवत असेल. बर्फ वितळताना परत आले आणि दारात बॅग खाली ठेवतानाच मी यांना विचारलं होतं, की मी नसताना घर कसं वाटलं. हे लाकडं आणायला निघून गेले होते. तो प्रश्न आता येईल. पंधरा दिवसांचं नंतर बघू.

ता.क. ३. आज सकाळी आला. त्यांनी आधी हेडसेट काढला. काढून टेबलावर ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि कानांवर काही नसताना, बरोबर सौनातल्याएवढ्याच आवाजात म्हणाले, 'घर फार गप्प झालं होतं.' वन्सं, मी येत नाही. मला इथं पुष्कळ बोलायचं आहे.